बसलाय ना, काढा

शाळेत त्यांना सगळे 'बाई' म्हणत आणि शाळेबाहेर 'पेन्सिलवाल्या बाई'. हे दुसरं नाव त्यांना चिकटलं ते त्यांच्या हट्टापायी. चित्रकला शिकवणाऱ्या माणसानं निदान रंगांची एखादी पेटी तरी बाळगावी, अशी लोकांची अपेक्षा. बाईंच्या पिशवीत मात्र साधी लाकडी पेन्सिल, एक खोडरबर, टेकायला एक पाटी आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, एवढंच निघायचं. शाळा सुटली की त्या चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसत आणि कुणी समोर येऊन बसलं की त्याचा चेहरा काढून देत. दुकानदार अधूनमधून आतून काही ना काही घेऊन यायचा. कोळशाच्या कांड्या, जाड दाणेदार कागद, पत्र्याच्या डब्यातल्या नाना छटा.

"एकदा वापरून तर बघा, बाई."

"नको. रंगाखाली चूक झाकता येते. पेन्सिलीत काही झाकत नाही. माणूस उतरला तर उतरतो, नाहीतर उतरतच नाही."

हे त्या वर्षानुवर्षं म्हणत आल्या होत्या. नवरा गेल्यावरही म्हणत होत्या. फक्त आता म्हणताना पाढे म्हटल्यासारखं व्हायचं.

नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. एका दुपारी औषधांच्या बाटल्या पुसता पुसता त्यानं मान टाकली. बाई रडल्या नाहीत. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीरबीर काही नव्हता. आत कुणीतरी बटण बंद केल्यासारखं झालं होतं, इतकंच. त्या शाळेत जात, जेवत, झोपत, चेहरे काढत. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांना नवऱ्याचा चेहरा आठवत नव्हता. त्याचं खोकणं आठवे, चपला काढायची पद्धत आठवे, त्याच्या सदऱ्याला येणारा औषधांचा वास आठवे. चेहऱ्याच्या जागी मात्र काही नसे. भिंतीवर फोटो होता, पण त्यात 'हनुवटी जरा वर' म्हटल्यावर माणूस जसा होतो तसा तो झालेला. अख्ख्या वस्तीचे चेहरे बाईंनी काढले आणि याचा कधी काढला नाही. घरचाच माणूस, कधीही काढू, म्हणून राहून गेलं.

तर अशाच एका दुपारी बाकड्यापाशी एक बाई येऊन उभी राहिली. वयानं चाळिशीपुढची, केस घट्ट बांधलेले, हाताला धुण्याच्या साबणाचा वास.

"पेन्सिलनं चेहरे काढता त्या तुम्हीच?"

"हो. बसा ना."

"माझा नाही काढायचा. धाकट्या भावाचा. त्याला इथवर येता येत नाही. घरी याल का?"

"आजारी आहेत?"

 "बसून असतो," ती म्हणाली.

बाईंनी पिशवी उचलली. घरी लवकर जाऊन तरी काय करायचं होतं?

पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, दोन जिने चढून, एका खोलीचं दार त्या थोरल्या बहिणीनं ढकललं. खोली नुकतीच फिनेलनं पुसलेली. भिंतींचा रंग उडालेला, पण मधेमधे चौकोनी तुकडे तेवढे ताजे, फ्रेमा काढून घेतल्यावर राहतात तसे. खाटेच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. थोरलीचे वडील. त्यांनी बाईंकडे बघून मान हलवली आणि पुन्हा खिडकीकडे बघायला लागले. खिडकीशी हातांची एक लाकडी खुर्ची होती. पाठीला उशी, एका हातावर घडी घातलेली शाल. खुर्चीसमोर बाईंसाठी स्टूल मांडून ठेवलेलं.

खुर्ची रिकामी होती.

"भाऊ कुठायत?" बाईंनी विचारलं.

"हा काय," थोरली म्हणाली. "बसलाय ना. काढा."

दुसरं कुणी असतं तर तिथल्या तिथे चपला घालून जिना उतरलं असतं. पण घाबरायलासुद्धा आत काहीतरी जागं असावं लागतं. बाईंना वाटलं, दुःखानं डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. खुर्ची काढून द्यावी, चहा प्यावा, निघावं. त्या स्टुलावर बसल्या.

"आधी एक मोठा पेंटर आणला होता," म्हातारे हळूच म्हणाले. "पेट्या घेऊन आला, चित्र टेकवायचा घोडा मांडला. रंगांच्या वासानं हा उठून जायचा. मग फोटोवाला आणला. त्याचा दिवा लखकन पेटला आणि हा दोन दिवस आलाच नाही. पेन्सिलीचं बरं. तिचा बाऊ वाटत नाही कुणाला."

बाईंनी खिडकीचे गज आधी आखले, मग खुर्चीचे पाय, मग हात. खोलीत पेन्सिलीची खसखस तेवढी ऐकू येत होती. खाली गल्लीत कुणीतरी सायकलीत हवा भरत होतं. बाईंनी पाठीमागच्या भिंतीची सावली भरायला घेतली. हात आपसूक चालला होता. आणि थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की खुर्चीची पाठ काढायची राहून गेली आहे. तिथे कागद कोराच होता. सावली एका ठिकाणी येऊन वळत होती, खाली उतरत होती, पुन्हा वळत होती. खांदा वळतो तशी.

त्यांनी मान वर केली. खुर्ची, उशी, शाल. कुणी नाही.

त्यांनी मान खाली घातली. हात चालू लागला.

मग कान उतरला. गालाचं हाड उतरलं. डाव्या डोळ्याची पापणी जरा जड, अर्धवट मिटलेली. तरुण चेहरा, ओठ घट्ट. असा चेहरा बाईंनी कुठे पाहिलेला नव्हता, तरी पेन्सिल कुठे अडली नाही. ओठांचा कोपरा जरा चुकल्यासारखा वाटला म्हणून त्यांनी खोडरबर काढलं.

"पुसू नका," म्हातारे एकदम म्हणाले. "त्याला... लागतं."

बाईंनी खोडरबर पिशवीत टाकलं.

चित्र पुरं झालं तसं थोरलीनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि वडिलांपुढे धरलं. "बाबा, तोच ना?"

"तोच. तोच तर," म्हातारे म्हणाले. पण ते कागदाकडे बघत नव्हते, खुर्चीकडे बघत होते.

जिना उतरताना बाईंच्या मनात भीती नव्हती. एकच विचार होता. या घरी रिकाम्या खुर्चीत माणूस उतरला. मग माझ्या घरी का नाही उतरणार?

पुढच्या रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी घरातली वेताची खुर्ची खिडकीशी ओढली. नवरा संध्याकाळी तीत बसून पेपर वाचायचा. त्या समोर बसल्या. गज, भिंत, सावली. बाहेर दुपार सुनसान पडली होती. सावली एका ठिकाणी आली आणि आपणहून वळली. खांद्यासारखी. बाईंच्या छातीत काहीतरी हललं, किती महिन्यांनी.  कान. गाल. मग डावी पापणी, जरा जड, अर्धवट मिटलेली.

तोच तरुण होता. घट्ट ओठांचा. पेन्सिलीपाठोपाठ आला होता आणि कंपाउंडरच्या खुर्चीत आरामात बसला होता.

बाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. हलून गेलेलं ते काहीतरी पुन्हा जागच्या जागी बसलं. मग सतरंजीवर सांडलेला चहा पुसावा तशा कोरडेपणानं त्यांनी खोडरबर घेतलं आणि पुसायला लागल्या. डावा डोळा पुसला. खुर्चीच्या बाजूनं आवाज आला, दाताला गार पाणी लागल्यावर माणूस आत श्वास ओढतो तसा.

स्स...

बाईंचा हात थांबला. बोटांतलं रबर कोमट लागत होतं. त्यांनी कागद पालथा घातला, त्यावर पुस्तक ठेवलं आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी थोरली फाटकाशी उभी. चेहरा ओढलेला.

"बाई, काल काही पुसलंत का?"

 थोरलीनं पिशवीतून चित्र काढलं. त्यांनी त्या दिवशी काढून दिलेलं तेच. डाव्या डोळ्याच्या जागी कागद पांढरा, घासून घासून निघाल्यासारखा.

"तो घरात नाहीये," थोरली म्हणाली. "बाबा काल दुपारपासून खुर्चीपुढून उठलेले नाहीत. पाणीसुद्धा नको म्हणतात. तुमच्याकडे आलाय का?"

"आलाय," बाई म्हणाल्या. असं उत्तर आपण इतक्या सरळ देऊ, हे त्यांनाही वाटलं नव्हतं. "चला."

घरी पोचल्यावर बाईंनी नवा कागद घेतला आणि वेताच्या खुर्चीसमोर बसल्या. थोरली दारातच उभी राहिली, पाहुण्यांच्या घरून मुलाला न्यायला आलेल्या आईसारखी. बाईंनी या वेळी घाई केली नाही. कान, गाल, ओठ. डावा डोळा सगळ्यात शेवटी, अगदी हलक्या हातानं. शर्टावर सावली भरली आणि कागद गुंडाळला.

थोरली खुर्चीला म्हणाली, "चल बरं आता. बाबा वाट बघतायत."

रस्त्यानं दोघी गेल्या. ऊन कलतं झालं होतं. समोरून येणारी माणसं थोरलीच्या उजव्या अंगानं जाताना जरा दूर सरकून जात होती, का ते त्यांनाही कळत नसावं. थोरली फुटपाथच्या कडेनं, एका माणसाची जागा सोडून चालत होती.

म्हाताऱ्यांनी आल्या आल्या हात पुढे केला. नवं चित्र खिडकीच्या उजेडात धरलं. त्यांचा जीव भांड्यात पडलेला चेहऱ्यावर दिसला. खुर्चीकडे बघून त्यांनी हळू मान हलवली, आलास का, अशी. मग पुन्हा चित्राकडे बघितलं आणि कपाळाला आठी पडली.

"हा आमचा. बरोबर. पण याच्या खांद्यावर हात कुणाचा?"

बाई वाकल्या. शर्टाच्या सावलीत चार बोटं कोरी राहून गेली होती. हात असा खांद्यावर ठेवलेला, मागे उभं राहून ठेवतात तसा. करंगळी बाहेरच्या अंगाला वाकडी.

कंपाउंडरची करंगळी वाकडी होती. लग्नानंतर लगेचच फुटक्या बाटलीनं कापली होती, तशीच वाकडी जुळली. थंडीत दुखायची, मग तो ती बाईंच्या तळहातात दडवायचा.

बाईंना स्टूल दिसेना. थोरलीनं हाताला धरून बसवलं.

"यांच्यामागे... कुणी उभं आहे का?" बाईंनी विचारलं. आवाज अगदीच खाली गेला होता.

"ते तुम्ही सांगायचं," म्हातारे म्हणाले. "आम्हाला आमचा तेवढा कळतो."

पिशवीत एकच कागद उरला होता, एका बाजूला कुठल्या तरी जुन्या परीक्षेचे प्रश्न छापलेला. बाईंनी तो उलटा करून मांडीवरच्या पाटीवर लावला. पेन्सिल बोटभर उरली होती. त्यांनी हातापासून सुरुवात केली. करंगळी. मनगट. बाहीची दुमड. तो बाह्या दुमडायचा, औषधं सांडतात म्हणून. कोपर. खांदा. सदऱ्याचं वरचं बटण उघडं. इथवर सगळं ओळखीचं होतं, इतकं ओळखीचं की बाईंना हसू यायला लागलं आणि आपल्याला हसू येतंय याचंच त्यांना नवल वाटलं. मान आली. हनुवटी आली.

उजेड उतरत होता. कुणी दिवा लावला नाही. फिनेलच्या वासात आता दुसरा एक वास मिसळला होता. बाईंनी तो ओळखला, म्हणजे ओळखला असं त्यांना वाटलं. दवाखान्याचा. पण कुठलाही दवाखाना तसाच वास मारतो.

चेहरा पुरा झाला तशा त्या उठल्या आणि कागद खिडकीकडे नेला.

रुंद कपाळ. बारीक ओठ. डोळे जरा जवळजवळ आणि फार सोशिक, खूप वेळ रांगेत उभं असलेल्या माणसाचे असतात तसे. ते थेट बाईंकडे बघत होते.

बाई बघत राहिल्या. ओळख पटेना. हा तोच असेल. हा दुसराच कुणी असेल. आठवणीत ताडून बघायला काही शिल्लकच नव्हतं. हात त्याचा होता, यात शंका नाही. पण त्या हातापासून वर चढत चढत आपण नेमक्या कुणापाशी पोचलो, ते त्यांना सांगता येईना.

"पटली ओळख?" थोरलीनं मागून विचारलं.

 बाईंनी पिशवीतून खोडरबर काढलं. म्हाताऱ्यांनी त्यांचं मनगट धरलं. हात म्हातारा, पण पकड घट्ट.

"चहा टाक," ते लेकीला म्हणाले. ती स्वयंपाकघरात गेली. स्टोव्हचा आवाज सुरू होईपर्यंत ते थांबले.

"पुसू नका, बाई."

"हे... आमचे नाहीत. असं वाटतंय मला."

"आमचाही नाही तो."

बाई त्यांच्याकडे बघायला लागल्या.

"आमच्या पोराची पापणी अशी नव्हती," म्हातारे म्हणाले. ते फार हळू बोलत होते, खुर्चीला ऐकू जाऊ नये म्हणून. "गोबरा होता तो. हसरा. गेल्यावर आम्ही खुर्ची तशीच ठेवली, रोज बोलायचो तिच्याशी. एक दिवस वाटलं, बसलाय कुणीतरी. पोरगी म्हणाली, बाबा, आला. तुम्ही चेहरा काढलात तेव्हा बघितलं, तर हा. तिनं विचारलं, तोच ना? काय सांगणार होतो?"

"त्यांना कळलं नाही?"

"सख्खी बहीण. न कळायला काय झालं? फोटो तिनंच उतरवले भिंतीवरचे, तुम्हाला बोलवायच्या आधी." त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा बघितलं. "आम्ही दोघं एकमेकांना सांगत नाही, इतकंच."

स्टोव्ह भुरभुरत होता.

"मग हा आहे कोण?"

"विचारलं नाही. बाहेर फार असतील असे... ज्यांच्यासाठी कुणीच खुर्ची ठेवली नाही. एखादी ठेवलेली दिसली की येऊन बसत असतील. बसतो बिचारा. त्रास नाही काही." त्यांनी बाईंचं मनगट सोडलं. "रिकामी खुर्ची किती बघायची हो माणसानं? तुम्हाला काय पुसायचं ते पुसा. पण पुसल्यावर तिथे तुमचा माणूस येईल, असं समजू नका. तिथे काही नसेल."

थोरली चहा घेऊन आली. तिघांनी चहा घेतला.  थोरलीनं कप उचलताना चित्राकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "छान आलेत." बाईंनी मान हलवली. कागद गुंडाळला, पिशवीत ठेवला आणि दोघांचा निरोप घेतला.

घरी येताना त्या फुटपाथवर जरा कडेनं चालल्या. जिना चढल्या, कुलूप काढलं. आत गेल्यावर दार लगेच लावलं नाही. मागून येणाऱ्याला आत यायला जितका वेळ लागेल तितका वेळ त्या कडीवर हात ठेवून थांबल्या आणि मग दार लावलं. चित्र फोटोशेजारी धरून बघायचं राहिलं. मुद्दामच राहिलं. जेवण झालं, भांडी झाली, रोजच्यासारखी झोपही लागली.

सकाळी शाळेला निघताना समोरच्या दारातली शेजारीण केर काढत होती. ती कमरेवर हात ठेवून हसली.

"वहिनी, पाहुणे आलेत वाटतं? काल रात्री उशिरा तुमच्या खिडकीतून शीळ ऐकू येत होती. किती गोड घालतात हो!"

बाई कुलूप हातात घेऊन उभ्या राहिल्या. कंपाउंडरला शीळ घालता येत नसे. लग्न झालं तेव्हा शिकायचा फार प्रयत्न केला होता त्यानं, पण ओठांतून नुसती हवा निघायची, आणि दोघंही हसत सुटायची.

बंद दाराआड, खिडकीच्या बाजूला, कुणीतरी हलकेच एक सूर धरला होता.

"पाहुणे नाहीत," बाई म्हणाल्या. "घरचेच आहेत."

आतली शीळ, नीट ऐकून घ्यावं तशी, मधेच थांबली.